जोडीदार बदला

नवशिक्यांना नाच सांगताना माझा एक नेम आहे. आधी गोल: हातात हात, सगळे एकाच दिशेला. कोणी चुकलं तरी शेजारी ओढून नेतो आणि अब्रू वाचते. मग समोरासमोरच्या रांगा. जोडीदार बदलायचा नाच अगदी शेवटी, लोकांची भीड चेपली की.

पण माझी धाकटी बहीण त्या घड्याळवाल्याला वर्गात घेऊन आली, तेव्हापासून मला त्या शेवटच्या नाचाची घाई झाली होती. छोटी त्याच्याशी लग्न करणार होती. तिचा पहिला नवरा संशयी. ती दूधवाल्याशी बोलली तरी घरात आदळआपट. त्यातून तिला सोडवताना माझ्या नाकी नऊ आले होते. आणि आता हा! वर्गात क्षणभर तिचा हात सोडत नसे. मी समोर बोलायला लागले की माझ्या तोंडाकडे टक लावून बघे, जणू मीच काही लपवतेय. जोडीदार बदलायचं म्हटलं की दोघं पाणी प्यायला पसार.

"त्याचा पाय दुखतो, ताई," छोटी म्हणाली.

"मागच्या वेळी कंबर होती."

"तू वर्ग घेतेस की चौकशी?"

त्या संध्याकाळी गोल रंगात आलेला असतानाच, कोणाला दाराकडे सटकायची संधी न देता मी माइकवरून पुकारलं, "जोडीदार बदला! बायका उजवीकडे!"

छोटी पुढे सरकली. वर्गातल्या शिंपीणबाई घड्याळवाल्यासमोर हात पुढे करून उभ्या राहिल्या, आणि हा निघाला छोटीच्या मागे.

"अहो, सोडा की तिला!" मी म्हणाले. सगळा हॉल खो खो हसला. आपल्यालाच हसतायत हे त्याला कळलं. कशाला, ते नाही कळलं.

छोटीने येऊन गाणं बंद केलं. "त्याला ऐकू येत नाही, ताई. समोरच्याचे ओठ बघून समजून घेतो. तुझं तोंड माइकमागे असतं, म्हणून मी हात दाबून दिशा सांगते."

"मग मला सांगायचं नाही?"

"तो सांगणारच होता. मी नको म्हटलं. तू खोट शोधतच होतीस, आयती कशाला द्यायची?"

तो खुर्चीवरचा कोट उचलून दाराकडे निघालाही होता. तो गेला असता तर छोटीही गेली असती, आणि यावेळी मला न विचारता. मी माइक ठेवला, धावत त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"गोल करतेय. माझ्या शेजारी या."

"परत म्हणा, ताई."

म्हटलं. त्याने कोट खाली ठेवला.

त्याचा एक हात माझ्या हातात, दुसरा छोटीच्या. "उजवीकडे!" म्हणत मी त्याचा हात दाबायला गेले, तर स्वारी आधीच उजवीकडे निघालेली. डावीकडेही तेच. समोरच्यांच्या पायांवर नजर ठेवून, बिनचूक. गोलात याला हात दाबून सांगायची गरजच नव्हती!

मी त्याच्यापलीकडे वाकून पाहिलं. छोटी हात दाबतच होती.

"काय गं, गोलात कशाला ते?"

"तू नाच सांग, ताई," ती म्हणाली आणि छताकडे बघायला लागली.