एकशे साठावा सामना

ग्रेडी टॉलिव्हरचं नाव कुणी काढलं की माझी तळपायाची आग मस्तकात जाते. आजही जाते. क्लीव्हलंडच्या कुठल्याही बारमध्ये त्याचा फोटो दिसला, तर मी त्याच्याकडे पाठ फिरवून बसतो.

आम्ही दोघं फोर्जमन या अमेरिकन फुटबॉल संघाचे सेंटर. सेंटर म्हणजे वाकून पायांमधून चेंडू मागे देणारा. त्याने चेंडू दिल्याशिवाय डाव सुरू होत नाही. ग्रेडी पहिला सेंटर आणि मी, लेस हॅलूपका, त्याचा बदली. सहा वर्षं मी अंगावर कोट घालून बाकावर बसलो. कुणी दमला, सामना हातचा गेला, की शेवटी मला आत ढकलायचे. संघाच्या पुस्तकात माझ्या नावापुढे लिहिलेलं होतं: सुरुवात केलेले सामने, शून्य.

ग्रेडीचे होते एकशे एकोणसाठ, सलग. जुन्या विक्रमाशी बरोबरी झाली होती. आणखी एक झाला की तो एकटाच वर.

मोसमाच्या शेवटच्या आठवड्यात त्याच्या पोटरीचा स्नायू फाटला. बुधवारी कोच म्हणाला, "लेस, रविवारी तू सुरुवात करणार." माझा गुडघा संपलेला होता, सोमवारी मला काढणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे पहिला आणि शेवटचा. मी आईला फोन केला. ती अल्टूनाहून चर्चच्या अर्ध्या बायका घेऊन निघाली, पिएरोगींचा, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्यांचा, डबा बांधून.

शनिवारी ग्रेडी लंगडत आला. "पहिला एक चेंडू मी देणार. मग तू ये."

पहिल्या डावाला जो मैदानात असतो, सुरुवात त्याच्या नावावर लागते. हे त्यालाही माहीत, मलाही.

"उभं राहता येत नाही तुला!"

"एक चेंडू देता येतो."

"आठवडाभर घाम मी गाळला, आणि आयत्या पिठावर रेघोट्या तू ओढणार? शरम वाटत नाही? तुला एकशे साठ हवेत. मला एक हवाय रे, एक!"

तो बुटाची नाडी सोडत हसला. "एकाने काय होतं, लेस? एक कोण मोजतं?"

मी कोचकडे गेलो. कोच छताकडे बघत म्हणाला, "मालकांनी फलक रंगवून घेतलाय." झालं. विषय संपला.

रविवारी बर्फ भुरभुरत होतं. दोन माणसं वरच्या कठड्यावर एकशे साठचा फलक गुंडाळून धरून उभी होती. ग्रेडी चेंडूवर वाकला. आणि पोटरीने दगा दिला. हातातला चेंडू हलला, शिट्टी वाजली, तो तोंडावर पडला. मी सवयीने शिट्टीसरशी आत धावलो. मला वाटलं, झाला डाव. पण पंच दंड म्हणून पाच यार्ड मागे मोजत होते. चेंडू वेळेआधी हलला की तो डाव धरत नाहीत. म्हणजे सुरुवात अजून कुणाचीच झाली नव्हती.

ग्रेडीने माझी जर्सी पकडली. "उठव मला. लवकर! ट्रेनर आत आला तर मला एक डाव बाहेर बसावं लागेल."

नियमच तसा होता. ट्रेनर, म्हणजे आमच्या दुखापती बघणारा, कडेला उभा राहून माझ्याकडेच बघत होता. मी हात दिला असता, तर ग्रेडी उठला असता. एका पायावर का होईना, चेंडू दिला असता.

"लेस, देवाशपथ, पाया पडतो तुझ्या!"

त्याला नीट ऐकू यावं म्हणून मी खाली वाकलो. "एकाने काय होतं, ग्रेडी?"

आणि हात वर करून ट्रेनरला हाक मारली.

त्याला उचलून नेताना सगळं स्टेडियम उभं राहिलं. ग्रेडीसाठी टाळ्या, आणि माझ्यासाठीसुद्धा. पडलेल्या मित्राला मदत बोलावली म्हणून! मी वाकलो, चेंडू दिला. वरची माणसं फलक तसाच गुंडाळून घेऊन गेली.

सामन्यानंतर ग्रेडी कपडे बदलायच्या खोलीत बाकावर पडून होता, पाय बर्फात. मी माझी पिशवी भरत होतो.

"हॅलूपका."

"बोल."

"पुस्तकात तुझ्या नावापुढे आता जो एक लागेल ना, तो माझा आहे. जन्मभर बघ त्याच्याकडे."

"बघीन की," मी म्हणालो. "तू तुझ्या एकशे एकोणसाठकडे बघ."

बाहेर आई बर्फात उभी होती, डोळे रडून लाल. तिने माझे गाल दोन्ही हातांत धरले. "सुरुवात केलीस ती केलीस, पण त्या बिचाऱ्यासाठी धावलास ना, तेव्हा मी सगळ्या बायकांना सांगितलं, माझा आहे तो. काय म्हणाला रे तो तुला?"

"माझ्याकडून आईचे आभार मान, म्हणाला," मी म्हणालो, आणि तिच्या हातातला डबा घेतला. सोमवारपर्यंत त्यातलं काही माझ्या घशाखाली उतरलं नाही.