कार्डाची मागची बाजू

मला संशयी म्हणतात. म्हणोत बापडे. वहिनी तर तोंडावर सांगते, "वन्सं, तुम्हाला आरशातही कुणीतरी पाळत ठेवून उभं आहे असं वाटत असेल." पण त्या सोमवारी वरच्या खात्याचा अधिकारी आमच्या ऑफिसात आला, टेबलावरचं कार्ड त्याने उचललं आणि न वाचताच उलटं केलं, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली ती उगाच नाही. आमचं कार्ड बाहेरचं कुणी कधी उलटं करत नाही.

आमचं ऑफिस शब्दकोशाचं. सरकारी. तिसऱ्या मजल्यावर तीन खोल्या, चौदा लोखंडी कपाटं, आणि माणसं दोन: मुख्य संपादक आणि मी. पूर्वी नऊ होतो. कार्डाच्या पुढच्या बाजूला शब्द आणि त्याचा अर्थ. मागच्या बाजूला दाखला, म्हणजे तो शब्द कुणीतरी खरोखर वापरल्याचं एक वाक्य. वाक्य कोण बोललं, काय काम करतो, राहतो कुठे, तारीख, सगळं त्याखाली. एका शब्दाचे दहा दाखले असले तर दहा कार्डं. ही मागची बाजू म्हणजे संपादकांचा जीव. मी त्यांना मनातल्या मनात 'पुरावा' म्हणते. चहा गार झालाय म्हटलं तरी हा माणूस विचारतो, "पुरावा?" आणि हसत नाही, हे विशेष.

पुस्तकातले दाखले ते काढतात, बोलण्यातले मी. एकोणीस वर्षं हेच. न्हाव्याच्या दुकानाबाहेर, दवाखान्याच्या बाकावर, बसच्या रांगेत मी कान देऊन उभी असते. चांगलं वाक्य कानावर पडलं की जाऊन सांगते, मी शब्दकोशाची, तुमचं वाक्य घेऊ का? शब्दकोशात नाव येणार म्हटल्यावर माणूस पत्ताच काय, जन्मतारीखसुद्धा सांगतो. दोन्ही कानांनी काम करणारी सरकारी नोकर, असं भाजीवाली मला म्हणते.

आणि घरी दादा. माझा थोरला भाऊ. पाणीखात्याच्या पंप हाऊसवर सव्वीस वर्षं ऑपरेटर. तिथल्याच दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आम्ही राहतो, तो, वहिनी, आई आणि मी. भिंतीपलीकडे पंप घरघरत असतो, तो बंद पडला की आईची झोप मोडते. दादा जेवायला बसला की सरकार चालवायला घेतो. एक घास, एक मंत्री घरी. पण बोलतो काय सुरेख! मी मुकाट ऐकायची आणि भांडी घासायच्या आधी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या कागदावर उतरवून घ्यायची. दुसऱ्या दिवशी कार्ड तयार. त्याला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो जपून बोलला असता, आणि जपून बोललेलं वाक्य कोशाच्या काय कामाचं? असं मी स्वतःला समजवत असे. खरं सांगायचं तर नंतर नंतर सांगायची लाज वाटायला लागली होती.

तर तो अधिकारी. आवाज मऊ, वागणं गोड, दर वाक्याला 'मॅडम'. खात्याला म्हणे राजकीय शब्दांचा खंड आधी हवा होता. डावा, उजवा, मधला, पुरोगामी, प्रतिगामी, आणि यादीत सगळ्यात खाली 'लहान सरकार', 'मोठं सरकार'. सरकारचा योग्य आकार कोणता, हे व्याख्येतून स्पष्ट झालं पाहिजे, असं पत्रात लिहिलेलं. पुरावा चष्मा पुसत बसले.

"लहान म्हणजे केवढं?" ते म्हणाले. "माणसं कमी, कामं कमी, की ढवळाढवळ कमी?"

"लोक तिन्ही अर्थांनी म्हणतात, सर. कधीकधी एकाच दमात."

"दाखला?"

मी भाजीवालीचं कार्ड काढून वाचलं. 'सरकार लहानच बरं, पण आमच्या गल्लीतला दिवा गेला की शिडी घेऊन आलं पाहिजे.'

"आता हिला कुठे टाकणार? उजवी म्हणाल तर दिवा आडवा येतो. डावी म्हणाल तर पहिलं अर्धं वाक्य आडवं येतं." पुरावा खूश होऊन म्हणाले. असं काही अडलं की त्यांना जेवण गोड लागतं.

अधिकाऱ्याने हात पुढे करून टेबलावर ठेवलेलं ते कार्ड उचललं, उलटं केलं. "ही कोण?" त्याने विचारलं. "अजून इथेच राहते का?"

एकोणीस वर्षांत मला सगळ्यांनी विचारलंय ते 'म्हणजे काय'. 'ही कोण' विचारणारा हा पहिला.

त्याने रजिस्टर मागवलं. रजिस्टरमध्ये आमच्याकडे फक्त शब्द आणि कार्डांचे नंबर असतात, बोलणाऱ्याची नावं नाहीत. त्याने त्या शब्दांचे सगळे नंबर उतरवून घेतले. एकशे त्रेचाळीस कार्डं. "गुरुवारी येऊन घेऊन जाईन. मूळ कार्डंच हवीत. व्याख्येची घाई नाही मॅडम, सावकाश होऊ द्या." मग तो आणि पुरावा आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. अर्धा तास. मी दाराजवळचं कपाट तीनदा आवरलं, पण कुजबुजीपलीकडे काही ऐकू आलं नाही. बाहेर आल्यावर पुरावा माझ्याकडे न बघता जागेवर जाऊन बसले. म्हटलं, विकला गेला म्हातारा.

संध्याकाळी दादा आला तो गप्प. ताटावर बसूनही सरकार चाललं नाही, तेव्हा आईनेच विचारलं, "काय रे, बरं नाही का?"

"माणसं कमी करतायत. पंप हाऊसमधून तिघं जाणार. पंधरा दिवसांत यादी लागेल."

"तुला कशाला काढतील? तुझ्यावर एक ठपका नाही."

"ठपका बघतंय कोण, आई? साहेब म्हणाले, ज्यांना सरकार मोठं झालंय असं वाटतं, त्यांच्यापासूनच सुरुवात करू. आणि ज्यांना मोठं हवंय ते तर संपवालेच, त्यांनाही बघून घेऊ." तो हसला, पण भाजी तशीच राहिली. "आपलं बरंय. आपण कुठे कुणाला काय म्हणायला गेलो?"

मला खणातली कार्डं आठवली.

वहिनी म्हणाली, "नोकरी गेली तर क्वार्टर पण जाईल ना हो?" आई भिंतीला हात लावून बसून राहिली. या वयात तिला घेऊन आम्ही कुठे जाणार होतो?

मंगळवारी पुरावा जेवायला गेले तसे मी खण उघडले. दादाची एकवीस कार्डं निघाली. एकवीस! 'निम्मं सरकार घरी पाठवलं तरी माझा पंप थांबायचा नाही', हे 'लहान सरकार'मध्ये. 'पाणी धंदेवाल्याच्या हातात दिलंत तर तोंड धुवायलाही त्याला विचारावं लागेल', हे 'डावा'च्या खणात. एक तर 'मधला'च्या खणातही होतं: 'मला कुठल्या बाजूला बसवू नका, मी जेवतोय.' प्रत्येकाखाली माझ्या अक्षरात नाव, पंप हाऊस, क्वार्टर नंबर, तारीख. ज्याला जो दादा हवा, तो त्यात तयार होता. डावा हवा, घ्या. उजवा हवा, घ्या. मी जगावर संशय घेत फिरत होते, आणि माझ्या भावावर एकवीस वेळा चहाडी लिहून ठेवणारी बाई मीच. मला स्वतःची इतकी घाण कधी वाटली नव्हती.

कार्डं नुसती गायब करायची सोय नव्हती, नंबर त्याच्याकडे होते. खोटं नाव घालावं तर तो पत्त्यावर जाऊन उभा राहणार. दुसऱ्या कुणाचं खरं नाव घालायला मी काय राक्षस आहे? विचार करकरून डोकं फुटायची वेळ आली, तेव्हा कळलं की लिहायचा हक्क असलेलं नाव माझ्याकडे एकच आहे.

जुन्या साठ्यातली पिवळी पडलेली कोरी कार्डं होतीच, नऊ जणांच्या हिशेबाने मागवलेली. अक्षर माझं, नंबर तेच, वाक्य तेच. कोण बोललं? 'नोंदवणारी स्वतः.' दादाची एकवीस झाली. मग भाजीवालीचं दिसलं. मग न्हाव्याचं. मग शाळेतल्या शिपाईणबाईंचं, त्यांनी तर पत्ता सांगताना 'वरचा मजला' असंही आवर्जून लिहायला लावलं होतं. हसत हसत दिलेले पत्ते सगळे. म्हटलं, आता हात घातलाय तर पुरताच घालू. पुस्तकातली आणि वर्तमानपत्रातली सोडून बोलण्यातली चौसष्ट कार्डं मी दोन दिवसांत नव्याने लिहिली. जुनी फाडून मोरीतल्या बादलीत भिजवली आणि लगदा करून टाकला.

बुधवारी दुपारी शेवटची चार उरली असताना पुरावा मागे येऊन उभे राहिले. किती वेळ उभे होते देव जाणे. त्यांनी वरचं कार्ड उचललं, उलटं केलं. मग दुसरं. मग दहावं.

"न्हाव्याचं वाक्य तुमच्या तोंडी कसं आलं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्ही मला विचारता? दार लावून त्याच्याशी काय गुलुगुलु चाललं होतं तुमचं? जा, सांगा त्याला. आत्ता जा!"

"दार लावून मी त्याला अर्धा तास सांगत होतो, की मूळ कार्ड ऑफिसबाहेर जात नाही. नाही ऐकलं त्याने." ते खुर्चीत बसले. "वर तीन पत्रं लिहिली. पोच दाखवू?"

हा माणूस स्वतःचाही पुरावा ठेवून होता.

"बाई, नियम माझाच आहे," ते हळू म्हणाले. "नोंदवणाऱ्याचं स्वतःचं वाक्य दाखला म्हणून चालत नाही. असं कार्ड बाद होतं. चौसष्ट कार्डं बाद म्हणजे काय, कळतंय ना? तुमची नोकरी राहणार नाही."

"कळतंय."

"एकच सांगा. ही वाक्यं कुणीतरी बोललंय ना?"

"एकूण एक, सर."

त्यांनी खणातून शिक्का काढला. प्रत्येक कार्ड पुढून वाचलं, मागून वाचलं, आणि 'बाद' मारलं. चौसष्ट वेळा. उरलेली चार मी तोवर लिहून त्यांच्यापुढे सरकवली होती.

गुरुवारी अधिकाऱ्याने कार्डं उलटायला सुरुवात केली आणि पंधराव्या कार्डाला त्याचा मऊ आवाज संपला.

"सगळी तुमचीच वाक्यं?"

"हो."

"डावीही आणि उजवीही?"

"एकोणीस वर्षांत माणसाचं मत बदलतं, साहेब."

"म्हणजे एकोणीस वर्षं तुम्ही घरी बसून दाखले रचत होता?"

"हो."

तो संपादकांकडे वळला. "हे खरं आहे?"

आयुष्यात एक अक्षर खोटं न बोललेला तो माणूस खिडकीकडे बघत म्हणाला, "कार्डावर तसंच लिहिलंय."

मला पंधरा दिवसांनी कामावरून काढल्याचं पत्र मिळालं. त्याच आठवड्यात पंप हाऊसची यादी लागली. तिघं गेले. दादाचं नाव नव्हतं. गेलेल्यांत एक वॉल्व्हवर काम करणारा होता, जो जन्मात सरकारबद्दल ब्र काढत नसे, आणि ज्याचं माझ्याकडे एकही कार्ड नव्हतं. तेव्हा त्या कार्डांचा आणि यादीचा संबंध होता की नाही, मला आजही सांगता येत नाही. मला वाटतं, होता. वहिनी म्हणेल, तुम्हाला काय, सगळीकडेच वाटतं.

बातमी मात्र आली, आतल्या पानावर, चार ओळींची: शब्दकोशाच्या ऑफिसात चौसष्ट बनावट कार्डं, कर्मचारी महिलेला काढलं. नाव नव्हतं, पण तेवढ्यावरून न ओळखायला दादा काही दुधखुळा नाही. त्याने वर्तमानपत्र घडी करून ताटाशेजारी ठेवलं.

"लोकांना आता तोंड कसं दाखवू?" तो म्हणाला. "मी इथे तेलकट हातांनी सव्वीस वर्षं पंप चालवला. आमच्यातली तीन घरं उठली, सरकारला माणसं जास्त झाली म्हणून. आणि जास्त झालेलं माणूस माझ्याच घरात होतं!"

"अहो, जेवताना तरी," वहिनी म्हणाली.

"तू गप गं. हिला विचारू दे मला." त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "चौसष्ट कार्डं. त्यातलं एक तरी वाक्य खऱ्या माणसाचं होतं का गं?"

आई माझ्याकडे बघत होती. भिंतीपलीकडे पंप घरघरत होता.

"नाही," मी म्हटलं.

तो ताटावरून उठला, हात धुतले आणि झोपायला गेला. पहाटेची पाळी होती त्याची.