शनिवारच्या मंडळाची काळी पँट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मी पँट बोलतेय. टोपी बोलली असती तर तुम्ही मान देऊन ऐकलं असतं. पँटीला कोण विचारतं? पण माणसाची खरी अडचण टोपीला कळत नाही हो, ती मला कळते.

माझा जन्म शिंपीकाकांच्या दुकानात झाला. कापड काळंभोर आणि चांगलं जाड. ज्या गिऱ्हाइकासाठी मला बेतलं त्याचं पोट भलंमोठं होतं आणि विसराळूपणा त्याहून मोठा. तो मला न्यायला फिरकलाच नाही. मी हँगरवर लटकून राहिले आणि काकू येता-जाता टोमणा मारायच्या, "हिला कुठेतरी खपवा एकदाची!"

मग काकांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची एक लहानशी ग्रंथी. ती बिघडेपर्यंत बहुतेकांना तिचा पत्ताच नसतो. ऑपरेशन नीट पार पडलं, डॉक्टर खूश झाले, नातेवाईक फळं देऊन गेले. पण त्यानंतर काका शिंकले की थेंब, हसले की थेंब, खुर्चीतून उठले की थेंब. "काही महिने असं होतं, मग हळूहळू थांबतं," असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. पण ते काही महिने काढायचे कसे, हे ज्याने काढलेत तोच सांगू शकतो. म्हणून काका शनिवारच्या मंडळात जायला लागले.

मंडळ म्हणजे दवाखान्याच्या मागची एक खोली. घडीच्या खुर्च्या, चहाचा मोठा थर्मास आणि अगदी लागून संडास. येणारे सगळे त्याच दुखण्याचे पुरुष. इथे "कसे आहात?" असं कुणी विचारत नाही. "रात्री किती वेळा उठलात?" असं विचारतात, आणि आकडा कमी असला की पाठीवर थाप पडते.

एका शनिवारी ड्रायव्हरकाका कुणाच्या तरी विनोदावर पोट धरून हसले. जन्मभर त्यांनी बस चालवली होती, हसणंही तसंच दणदणीत. त्या हसण्यात त्यांची पँट भिजली. शिंपीकाका तडक उठले, जवळच असलेल्या आपल्या दुकानात गेले आणि मला घेऊन आले. कुणाच्याही कमरेला बसावी म्हणून त्यांनी माझ्यात नाडी ओवली.

त्या दिवसापासून मी दाराआडच्या खुंटीवर राहते. नियम तीनच. मला घालणाऱ्याने तोंड लपवायचं नाही, धुऊन इस्त्री करून मला परत आणायचं, आणि त्या दिवशी त्याला चहा बाकीच्यांनी पाजायचा. किती कमरा पाहिल्या मी! बारीक, जाडजूड, ऐटबाज, वाकलेल्या. भिजल्यावर सगळ्या सारख्याच अवघडतात.

मग हिरो आला. हे नाव त्याला मंडळाने दिलं. तो नाटकातला नट होता, नावाजलेला. त्याच्या बायकोने त्याला जवळजवळ ओढतच आणलं होतं. तो मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून दाराशी बसला.

"ऑपरेशन झाल्यापासून घराबाहेर पाऊल टाकलं नाही यांनी," वहिनी म्हणाल्या. "नाटक पुन्हा सुरू होतंय. दिग्दर्शक थांबलेत, पण किती थांबणार? दुसऱ्याला घेतील."

"घेऊ देत," हिरो म्हणाला. "शेवटच्या अंकात मी खुर्चीत बसून मरतो. सगळा उजेड माझ्यावर असतो. आणि त्या वेळी जर..."

"अहो, मेल्यावर कसली लाज?" ड्रायव्हरकाका म्हणाले.

आधी वहिनी हसल्या. मग नाइलाजाने तोही हसला, आणि हसता हसता त्याने पिशवी आणखी घट्ट धरली. ते सगळ्यांना दिसलं. सगळ्यांनी तसंच काही ना काही कधीतरी धरलं होतं.

"होईल हो सगळं ठीक" असं त्याला कुणी म्हटलं नाही. मंडळातल्या बेकरीवाल्यांनी सांगितलं की एकदा गिऱ्हाइकांची रांग संपेपर्यंत ते ओली पँट झाकायला मैद्याचं पोतं पुढ्यात घेऊन उभे होते. मग त्यांनी व्यायाम शिकवला. लघवी मध्येच अडवताना जे स्नायू आवळतो तेच आवळायचे, थांबायचं, सोडायचे. सगळे बसल्या जागी करायला लागले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, ही मंडळी कसलातरी अवघड हिशेब आठवतायत! पॅड कोणतं घ्यायचं, ते कसं लावायचं, हेही तिथेच कळलं. हिरो दर शनिवारी यायला लागला.

एकदा चहा पिताना तो हळूच म्हणाला, "थेंबांचं जाऊ द्या. दुखणंच परत आलं तर?"

"ती भीती आम्हा सगळ्यांना आहे," शिंपीकाका म्हणाले. "घरी बायकोपोरांसमोर दाबून ठेवतो आपण. इथे घेऊन येत जा तिला. खुर्च्या पुष्कळ आहेत."

त्याने कप खाली ठेवला आणि मनसोक्त रडून घेतलं. कुणी त्याला अडवलं नाही. निघताना त्याने मला खुंटीवरून काढलं. "नाटकातला बाप गरीबच आहे," तो म्हणाला. "ही शोभेल त्याला."

दुपारचा प्रयोग होता. मंडळाने हौसेने पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्च्या पकडल्या. खरं तर कडेची खुर्ची कधी सोडायची नाही, हा मंडळाचा पहिला धडा. पण कौतुकापुढे शहाणपण चालतं कुठे? वर मध्यंतरात आनंदाच्या भरात सगळ्यांनी चहाही ढोसला.

शेवटचा अंक सुरू झाला. खुर्चीत बसलेला बाप, पायाशी मुलगी, थिएटरात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. हिरो माझ्या आत शिकवल्याप्रमाणे स्नायू आवळून बसला होता. तेवढ्यात पहिल्या रांगेत ड्रायव्हरकाकांची चुळबुळ सुरू झाली. बिचाऱ्यांनी पायावर पाय टाकून पाहिला आणि शेवटी कमरेत वाकून उठले. ते उठले म्हणताच बेकरीवाल्यांचा धीर सुटला, मग शिंपीकाकांचा. बघता बघता सगळं मंडळ वाकून दाराकडे निघालं. खुर्च्या धाडधाड मिटल्या. मागे कुजबुज सुरू झाली. नाटकातली मुलगी वाक्यच विसरली.

हिरोने डोळे उघडले. समोर मधल्या खुर्च्या रिकाम्या आणि दाराशी वाकलेल्या पाठींची गर्दी. त्याने क्षीण हात वर केला आणि त्याच मरणाऱ्या आवाजात म्हणाला, "थांब पोरी. माझी माणसं जरा बाहेर गेलीत. ती आल्याशिवाय मी काही मरत नाही."

सगळं थिएटर खो खो हसलं. त्यालाही हसू आवरेना. आणि ज्याला तो इतके दिवस घाबरत होता, तेच झालं.

ते मला कळलं. फक्त मला. कापड काळं, पॅड जाड, भरलेल्या थिएटरात कुणाला काही दिसलं नाही. आता हा उठून विंगेत पळतो की काय, या विचाराने माझी शिवण न् शिवण ताठ झाली. पण तो उठला नाही. तो बसून राहिला, आपल्या माणसांची वाट बघत. एकेक जण माना खाली घालून, रुमालाला हात पुसत परतला.

"बसलात का सगळे?" हिरोने विचारलं.

"बसलो! होऊ दे आता!" ड्रायव्हरकाका ओरडले.

आणि मग तो असा काही मेला म्हणून सांगू! आत्ता हसत होती तीच माणसं डोळे पुसत होती. मला तर अभिमानाने काय करू नि काय नको असं झालं.

पडदा पडल्यावर मंडळ मेकअप रूममध्ये घुसलं. "झालं," हिरोने जाहीर केलं. "भर रंगमंचावर झालं. आणि मी बसून राहिलो!" त्यावर जो गलका झाला तो बाहेरच्या टाळ्यांपेक्षा मोठा होता. वहिनी हसत होत्या आणि रडतही होत्या.

आता हिरो स्वतःच्या पँटीत प्रयोग करतो आणि त्याला माझी गरज पडत नाही. मी गुडघ्यांवर विरले आहे, रंगही उडालाय. माझं काही म्हणणं नाही, भरपूर जगले मी. फक्त एक सांगायचंय. तुमच्या घरातले बाबा किंवा काका अलीकडे "पाय दुखतात" म्हणून कुठे यायचं टाळत असतील, तर त्यांच्यावर चिडू नका. दार लोटून शेजारी बसा आणि आधी तुमची एखादी फजिती त्यांना सांगा. मग ते बोलतील. बोलले की हसतील. आणि हसताना जे व्हायचं ते खुशाल होऊ द्या.