चाव्यांच्या डब्यातल्या गोळ्या

"गोळ्या कुठल्या चालू आहेत?" डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

चावीवाला गुडघे पोटाशी घेऊन खाटेवर पडला होता. डोळे पिवळेधमक, अंगात हुडहुडी भरलेली. "कोलेस्टेरॉलची एक. तुमच्याच दवाखान्यातली," तो दातावर दात दाबून म्हणाला आणि त्याने बायकोकडे असं बघितलं, की तिचं तोंडच शिवलं गेलं.

एक नव्हती. दोन होत्या.

या माणसाच्याने काही टाकवत नाही. पंचवीस वर्षं फुटपाथवर ठेला लावून चाव्या घासतोय. गंजकी, बिनकुलपाची चावी दिसली की गेली पत्र्याच्या डब्यात. त्याचा थोरला भाऊ, तिचा दीर, वारला, तेव्हा त्याच्या उशाशी राहिलेल्या गोळ्याही त्याच डब्यात गेल्या. "दादाच्या रक्तात चरबी, माझ्याही रक्तात चरबी. एकाच साच्यातली कुलपं आम्ही. फेकायच्या कशाला?" त्या संपल्या तेव्हा रिकामं पाकीट दाखवून दुकानातून नव्या आणल्या. दीड वर्ष. जेवण झालं की पाण्याचा पेला आणि दोन्ही गोळ्या हातावर ठेवायची ती. एक दिवस चुकवला नाही. उजव्या बरगडीखाली कळ यायला लागली, तेव्हा म्हणाली, "गॅस असेल."

"पित्ताचा खडा नळीत अडकलाय, पू झालाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता नळी मोकळी करायला हवी. काही लपवू नका."

बायकोने पिशवीतून डबा काढला. एवढं दुखत असतानाही त्याने तो ठेल्यावर सोडला नव्हता.

"गप्प बस म्हटलं ना तुला."

"पंचवीस वर्षं गप्पच आहे मी." तिने डबा खाटेवर उपडा केला. खळाखळा चाव्या पडल्या, त्यात ते पाकीट. "ही दिरांची गोळी. दोन्ही घेतात. मीच देते."

डॉक्टरीणबाईंनी पाकीट उलटंपालटं केलं. "दोन्ही चरबीच्याच, पण काम वेगळं. ही गोळी चरबी पित्तात ढकलते, त्याने खडे व्हायचा धोका वाढतो. त्यात दोन्ही एकत्र? कुणाला विचारलंत?"

"म्हणजे हिच्यामुळेच झालं?" बायकोने पाकिटाकडे बोट केलं.

"छातीठोक नाही सांगता येत. खडे कुणालाही होतात. पण या गोळीने हातभार लावला असेल."

"ती नको म्हणत होती हो," चावीवाला भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "मीच ऐकलं नाही."

ती कधीच नको म्हणाली नव्हती.

"अहो..."

"डबा भर नीट. एकही सांडू नकोस."

त्याला आत नेलं. नर्सने त्याच्या खिशातला चाव्यांचा जुडगा आणून तिच्या हातात दिला. कुठली घराची, कुठली ठेल्याची, तिला कधी कळलंच नव्हतं. दार तोच उघडायचा.

दुपार कलली तरी आतून कोणी आलं नाही. जुडगा मुठीत धरून त्याला ज्यातून आत नेलं त्या दाराकडे ती बघत बसली. दोन ढकलायच्या झडपा, नुसत्या पांढऱ्या.

त्या दाराला चावीचं भोकच नव्हतं.