नळी तळाला बसली

ओदुमासेच्या बाजारामागे माकूचं अंगण होतं. अर्ध्यात तिचा मामा नार्ह काचेचे मणी भाजायचा, उरलेल्या अर्ध्यात माकू घरच्या घरी सर्किटचे बोर्ड बनवायची, आणि मामा रोज तिची टर उडवायचा. आज कोंबड्या पाळणारी कोर्कोर मावशी अंड्यांचे ट्रे घेऊन तिथे ठाण मांडून बसली होती. अंडी उबवायची पेटी तयार होती, फक्त तिची ऊब सांभाळणारा बोर्ड नव्हता. अंडी आणखी थांबणारी नव्हती. आज बोर्ड झाला नाही तर मावशी राजधानी आक्राहून तयार पेटी आणणार, आणि तिच्यामागून गावातल्या सगळ्या कोंबडीवाल्या तिकडेच जाणार. माकूकडे तांबं चढवलेला एकच कोरा तुकडा उरला होता.

घोळ हवेचा होता. नको असलेलं तांबं खाणाऱ्या, टबातल्या तपकिरी पाण्यात ती माशांच्या टाकीचा पंप लावून छिद्रं पाडलेल्या सलाईनच्या नळीतून बुडबुडे सोडायची, म्हणजे पाणी हलतं राहून तांबं सगळीकडे सारखं जातं. पण हवा भरली की नळी मध्येच पोट वर काढायची आणि सगळे बुडबुडे तिथूनच निघायचे. बोर्डाच्या मधल्या, ठेवायच्या रेषाही पार विरघळायच्या, कडांचं नको असलेलं तांबं तसंच राहायचं. नळीला लोखंडी नट बांधले, तर त्या हावरट पाण्याने तांबं सोडून नटच फस्त केले. टोकांवर दगड ठेवले, तर पोट आणखी वर आलं.

"तांबं खातं, लोखंड खातं," मामा भट्टीपासून म्हणाला. "माझ्या काचेपासून तेवढं लांब ठेव बाई ते."

"काचेला काय धाड भरलीय," माकू वैतागून म्हणाली आणि बोलता बोलता मण्यांसाठी मामाच्या भट्टीकडे वळली.

मामाचे तयार मणी सकाळीच बाजारात गेले होते, नवे भट्टीत लाल होत होते. माकूचा हात कमरेला कपड्याखाली बांधलेल्या काचेच्या मण्यांच्या सरांकडे गेला. ते सर नवऱ्याशिवाय कुणी बघायचे नसतात. मामा घाईघाईने भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"लाजलज्जा आहे की नाही, पोरी?"

"त्याचं ऐकू नकोस, सर सोड तू," कोर्कोर मावशी म्हणाली.

माकूने एक सर सोडून नळीला लांबीभर बांधला आणि पंप लावला. नळी तळाला बसली ती बसलीच. या टोकापासून त्या टोकापर्यंत बुडबुड्यांची सारखी रांग उठली. शेवटचा तुकडा आत गेला.

माकूने बोर्ड काढून धुतला, उन्हात धरला. एकूण एक रेष शाबूत होती. तिला इतका आनंद झाला की तिने ओल्या हातानेच मावशीला मिठी मारली.

बोर्ड बसला. पेटीतला दिवा लागला, पुरेशी ऊब होताच आपोआप विझला, थोड्या वेळाने पुन्हा लागला. मावशी अंडी मांडू लागली.

"आता वळू का?" मामाने विचारलं.

"टबात अजून सर आहे."

मामा भिंतीलाच म्हणाला, "उद्याच्या भट्टीत तुझ्या नळीसाठी मणी घालतो. मला माझ्या अंगणात मान वर करून चालू दे."

"भोकं मोठी ठेव, मामा," माकू म्हणाली. "नळीच ओवायचीय. सगळ्या कोंबडीवाल्या येणार आहेत."