वहिनीच्या हातांचा वास

आश्विनातल्या संध्याकाळी, भाताच्या लोंब्यांवरचं ऊन पिवळं होत असताना, वहिनीच्या आधी तिचा वास घरात यायचा. गोडसर, उग्र, डोक्यात चढणारा. खालापूरजवळच्या एका कारखान्यात ती यंत्रांचे सुटे भाग धुवायची; तेलाने माखलेले व्हॉल्व्ह, केसाएवढ्या छिद्रांचे नोझल, सारं केमिकलात बुडवून ब्रशने घासायचं. हातमोज्यांतूनही ते द्रव्य तिच्या त्वचेत उतरे. लिंबू झालं, चिंच झाली, राख झाली. वास मात्र रुसलेल्या जावयासारखा मुक्काम ठोकून बसलेला.

त्यामुळे आमची आई तिला देव्हाऱ्याजवळ फिरकू देत नसे. ‘देवाला कंपनीचा वास नाय लावायचा गं,’ एवढंच म्हणे, आणि तेही मायेने, त्यामुळे रागवायचीसुद्धा सोय नव्हती. लग्न होऊन आल्यापासून वहिनीच्या मनात एकच हौस होती, सकाळी देवांना स्नान घालायची. ती उंबऱ्याशी उभी राहून आईच्या हातातली पळी आणि ताम्हनात झरणारी ती कोवळी, प्रकाशमय धार न्याहाळत राही. मला ते बघवत नसे.

मग कारखान्यात नवी टाकी आली. खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते, घरच्यांना आत सोडतात, म्हणून मी मुद्दाम गेलो. झेंडूची माळ ल्यालेली पोलादी टाकी, आत केमिकलाऐवजी कोमट पाणी आणि नावापुरता साबण. बाकी काम म्हणे आवाजाचं. कुठला आवाज? मला तर नुसती बारीक सरसर ऐकू येत होती. कुतूहल आवरेना. वाकलो, कान लावला, बोट पुढे केलं, तशी वहिनीने माझा हात मागे ओढला.

‘बोट नका घालू हां भाऊजी. ऐकू नाय येत म्हनून काय, आवाज हाय तो.’

तिने चपात्या गुंडाळायच्या चंदेरी फॉइलचा तुकडा पाण्यात धरला. वर काढला तर त्याची चाळण झालेली. पाण्यात असंख्य सूक्ष्म बुडबुडे जन्मतात, फुटतात आणि फुटताना मळ उखडून काढतात, असं ती समजावत होती. आपल्या श्रवणापलीकडच्या नादाने लोखंडाच्या अंतरंगातला काळोख धुऊन निघावा, या कल्पनेने मी पुरता वेडावलो. वहिनीचं लक्ष भलतीकडेच होतं. तिने तळवे पुढे केले.

‘वास येतो का ओ?’

नव्हता येत.

मोतीबिंदूने तोवर आईची दृष्टी धूसर झाली होती आणि ती ऑपरेशनचं नाव काढू देत नव्हती. दिवाळीच्या सकाळी वहिनी न बोलता तिच्यापुढे बसली आणि दोन्ही हात तिच्या नाकाशी धरले. आईने दीर्घ श्वास घेतला.

‘कोण गं तू?’

‘मी, आई.’

आईने पुन्हा हुंगलं, तळवे उलटसुलट चाचपले, बोटांवरचे घट्टे शोधले. मग पळी वहिनीच्या हातात ठेवली.

‘देवांना आंघोळ तूच घाल आता. पन येताना बांगड्या वाजवत ये गं. आता तू आलीस की नाय, मला कळायचं कसं?’

वहिनी रडली, हसलीही.

त्याच हिवाळ्यात, पळसदरीकडच्या डोंगरावरून धुकं उतरत असताना, आई गेली. वहिनी रोज पहाटे देवांना स्नान घालते आणि माजघर ओलांडताना आजही हात हलवून बांगड्या वाजवते. काळ माणसाला घेऊन जातो. त्या माणसाने लावलेली सवय मात्र न्यायची विसरतो.