तीन वाजताची जोडणी

बोदवडजवळ जेसीबीने तोडलेली फायबर केबल हितेंद्र सकाळपासून जोडत होता. खिशातलं सिमही कंपनीचंच, त्यामुळे केबल तुटली तेव्हा त्याचा फोनही मुका झाला होता. तीनला शेवटची तार जुळली, टॉवर सुरू झाला आणि सोनगीरहून बहिणीने वडिलांबद्दल पाठवलेले निरोप एकदम आले.

नऊचा: "भाऊ, नानाले बरं नही शे. लवकर ये."

साडेबाराचा: "नाना गयात."

पलीकडून पोच मिळेपर्यंत निरोप सर्व्हरवर थांबतो, हे तोच नव्या पोरांना शिकवायचा.

"भाऊ, लाइन आली, आता चहा पाजा!" सोबतचा पियुष ओरडला. "अडकलेलं काही हरवलं तर नाही ना?"

"नाही. सगळं पोचलं," हितेंद्र म्हणाला. त्याने जोडणीचा डबा बंद केला आणि अहवालात वेळ लिहिली.